कागद नको, कागदाचं नाव विचार

आधी पत्र देते, थोडं कापून आणि ओळख पटेल असं सगळं काढून.

"ताई, मी २७ वर्षांची, पालघर जिल्ह्यातली. मुंबईत एका न्यूज पोर्टलला तीन वर्षं डेस्कवर आहे, म्हणजे एजन्सीच्या कॉप्या मराठीत करायच्या आणि हेडिंग द्यायचं. २०२५ च्या फेब्रुवारीत बीबीसीने मुंबईच्या एका औषध कंपनीवर स्टोरी केली होती, इथून नशेच्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टला जातात अशी, ती बघितल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. मला आफ्रिकेवर शोध पत्रकारिता करायची आहे. साडेतीन लाख साठलेत, ते घेऊन तीन महिने घानाला जायचं म्हणतेय. बाबा म्हणतात आपल्या गावचे प्रश्न संपले का, आफ्रिकेचं कुणाला काय पडलंय. आई रडते. आणि एक गोष्ट घरी सांगितलेली नाही. माझा मामेभाऊ एका एक्सपोर्ट कंपनीत डॉक्युमेंटेशनला आहे, त्यांचा माल तिकडेच जातो. काही काही कन्साइनमेंट त्याला बरोबर वाटत नाहीत, तो म्हणतो तुला इन्व्हॉइसचे फोटो देतो. दोन पाठवले सुद्धा, व्हॉट्सअपला. मी काय करू? जाऊ का?"

अगं, घानाचं आपण बोलूच, पण ते जे तू शेवटी "आणि एक गोष्ट" म्हणून लिहिलंयस ना, माझ्यासाठी पत्र तिथून सुरू होतं. ते दोन फोटो आज कुणालाही फॉरवर्ड करू नकोस, ऑफिसात दाखवू नकोस, एडिटरला बघा माझ्याकडे काय आलंय म्हणून तर अजिबात नको, आणि मामेभावाला अजून पाठव किंवा डिलीट कर असं काहीच टाइप करू नकोस. शनिवार-रविवारी त्याच्याकडे जा, नेहमी जातेस तशी, दोघांचे मोबाइल घरात ठेवा आणि बाहेर चक्कर मारायला जा आणि तिथे समोरासमोर बोला.

कारण असं की कंपनीच्या सिस्टीमला कुठल्या लॉगिनने कुठला इन्व्हॉइस किती वाजता उघडला याची नोंद राहते, फोटोत स्क्रीनची कड येते, टेबलावरचा कप येतो, मागची खिडकी येते. डॉक्युमेंटेशनला माणसं असतात चार-पाच. त्यातला एक शोधून काढायला कितीसा वेळ लागतो?

हे मी ऐकून सांगत नाहीये. मी बावीस वर्षं मुंबईत शिपिंग आणि पोर्टचं रिपोर्टिंग केलं. सुरुवातीच्या वर्षांत एका क्लिअरिंग एजंटकडच्या क्लार्कने मला एका बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे जहाजात चढवलेल्या मालाच्या पावतीची, झेरॉक्स दिली होती, माल केनियातल्या मोंबासाला चाललेला, कागदावर एक आणि कंटेनरमध्ये भलतंच. बातमी पक्की होती, तीन ठिकाणी तपासून घेतलेली, त्याचं नाव कुठेही नव्हतं, तो कुठे काम करतो त्याचा पत्ता लागेल असं एक वाक्य सुद्धा नव्हतं. पण बातमीबरोबर मी त्या झेरॉक्सचा फोटो छापू दिला. आणि त्या कागदाच्या उजव्या कोपऱ्यात पेनाने केलेली बरोबरची खूण होती, खाली बारीक दोन टिंबं. त्या अख्ख्या ऑफिसात तशी खूण एकच माणूस करायचा. सकाळी पेपर आला, दुपारी त्याला आत बोलावलं आणि संध्याकाळी घरी पाठवला. त्याची मुलगी तेव्हा दहावीला होती. मी डोंबिवलीला त्याच्या घरी गेले, बायकोने पाण्याचा ग्लास ठेवला आणि न बोलता आत गेली, तो मला एक शब्द वाईट बोलला नाही, उलट बातमी चांगली झालीय म्हणाला. पुढे दीड वर्ष त्याला त्या लाइनमध्ये कुणी उभं केलं नाही. ती दोन टिंबं मला आजही दिसतात, कुठलाही कागद हातात आला की मी आधी त्याचे चारही कोपरे बघते.

आता साउथ आफ्रिकेकडे बघ, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. तिथे जोहान्सबर्ग ज्यात येतं त्या गाउटेंग प्रांताच्या आरोग्य खात्यात बबिता देवकरण नावाच्या अधिकारी होत्या, आपल्यासारख्याच भारतीय वंशाच्या. टेम्बिसा हॉस्पिटलच्या नावावर जवळजवळ ८५ कोटी रँडची (रँड हे तिथलं चलन) बिलं त्यांना संशयास्पद वाटली आणि त्यांनी ती थांबवा, चौकशी करा असं वर कळवलं. २३ ऑगस्ट २०२१ ला मुलीला शाळेत सोडून घरी आल्या आणि गेटसमोर गाडीतच त्यांना गोळ्या घातल्या. त्या काय शोधत होत्या हे नंतर न्यूज२४ या तिथल्या वेबसाइटच्या पत्रकारांनी महिनोन् महिने खपून बाहेर काढलं, फार मोठं काम आहे ते, पण बाई गेल्या त्या गेल्या.

आणि त्याच देशातली दुसरी गोष्ट. सहारनपूरहून तिकडे गेलेले गुप्ता बंधू, राष्ट्राध्यक्ष जेकब झुमांच्या जवळचे, सरकारी कंपन्यांची कंत्राटं यांच्याभोवती कशी फिरली त्याचे लाखाच्या वर ईमेल २०१७ ला पत्रकारांच्या हाती लागले. गुप्ता लीक्स म्हणतात त्याला. डेली मॅव्हरिक, न्यूज२४ आणि अमाभुंगाने अशा तिथल्या तीन संस्थांनी मिळून ते केलं. अमाभुंगाने म्हणजे झुलू भाषेत शेणाचे गोळे ढकलणारे किडे, नावात आपला भुंगा ऐकू येतो तो योगायोग, पण मला ते नाव फार आवडतं, घाणीत हात घालायचा आणि त्यातनं जमिनीला खत मिळतं. त्या ईमेलमधनं दिसलं की फ्री स्टेट प्रांतातल्या गरीब शेतकऱ्यांच्या डेअरीसाठी आलेले सरकारी पैसे फिरत फिरत सन सिटीतल्या एका गुप्ता लग्नापर्यंत पोचले, ३ कोटी रँड. सगळ्यांना आठवतं ते हे लग्न. मला मात्र आठवतं की ज्यांनी ते ईमेल असलेली हार्ड डिस्क दिली, ते दोघं आजही फक्त स्टॅन आणि जॉन या टोपणनावांनी ओळखले जातात. त्यांना देशाबाहेर काढायचं, तिथे त्यांचा खर्च बघायचा, हे बातमी लिहिण्याइतकंच मोठं काम होतं.

तुझ्या मामेभावाला देशाबाहेर कोण काढणार आहे? तू साडेतीन लाखांत? आपल्याकडे २०१४ ला व्हिसलब्लोअर, म्हणजे आतला गैरकारभार उघड करणाऱ्याच्या, संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला तो अजून लागूच केलेला नाही, आणि तो तसाही सरकारी कारभाराबद्दल आहे, खासगी कंपनीतल्या क्लार्कला त्यात आडोसा नाही. वर अजून एक, जे डेस्कवरच्या लोकांना माहीत नसतं. कस्टम्स कायद्यात २०२२ ला १३५एए नावाचं कलम आलं, एक्सपोर्ट-इम्पोर्टसाठी दाखल केलेल्या मालाची किंमत, प्रमाण, कुणी पाठवला असली माहिती प्रसिद्ध केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तो इन्व्हॉइस जसाच्या तसा छापलास तर तुझ्यावर सुद्धा येऊ शकतं. बातमी करूच नये असा याचा अर्थ नाही, पण छापायच्या आधी वकिलाला दाखवायचं आणि वकिलाची फी हा बातमीचा खर्च धरायचा, प्रवासासारखा.

मग मामेभावाचं करायचं काय? तर त्याच्याकडून कागद घेऊ नकोस, कागदाचं नाव विचार. एवढा माल बाहेर जायचा तर कुठले कुठले कागद लागतात, ते कोण देतं, कुठे जमा होतात, त्यातला तुला खटकतो तो कुठला आणि का खटकतो. एवढंच. चालता चालता, वहीत न लिहिता. मग तोच कागद किंवा त्याचा भाऊबंद तू उघड्या दारातनं मिळवायचा. माझ्या बावीस वर्षांत सगळ्यात उपयोगी सोर्स तेच ठरले ज्यांनी मला काहीही दिलं नाही, फक्त कुठे बघ ते सांगितलं.

आणि उघडी दारं खूप आहेत गं. ती बीबीसीची स्टोरी परत बघ आणि या वेळी आधी गोळ्यांचं पाकीट बघ. घानाच्या उत्तरेला टमाले म्हणून शहर आहे, तिथे पोरं या गोळ्यांपायी वाया जायला लागली तेव्हा गावातल्या शंभरेक लोकांनी स्वतःच टास्क फोर्स काढला, धाडी घालायच्या, माल पकडायचा आणि सगळ्यांसमोर जाळायचा. त्या पकडलेल्या पाकिटांवर कंपनीचं नाव छापलेलं होतं. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल, एक अफूच्या जातीचं पेनकिलर आणि एक स्नायू सैल करणारं, दोन्ही एकाच गोळीत, अशा कॉम्बिनेशनला जगात कुठेही लायसन्स नाही. म्हणजे ती बातमी टमालेच्या रस्त्यावर सुरू झाली, पण तिचं दुसरं टोक इथे होतं. स्टोरी आल्यावर केंद्राच्या आणि महाराष्ट्राच्या औषध खात्याने धाड घातली, सुमारे १.३ कोटी गोळ्या-कॅप्सूल जप्त केल्या आणि त्या कॉम्बिनेशनची एक्सपोर्टची परवानगी काढून घेतली. तुझ्या घरापासून लोकलने जाता येईल अशा अंतरावर चाललेलं होतं हे सगळं.

म्हणून मी म्हणते घानाचं तिकीट आत्ता नको. पाकिटावर बहुतेक वेळा मॅन्युफॅक्चरिंग लायसन्सचा नंबर असतो, बॅच नंबर असतो. ते लायसन्स राज्याच्या एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, दिलेलं असतं. शेवटची तपासणी कधी झाली, काय काय बनवायची परवानगी आहे, हे दहा रुपयांच्या आरटीआयने विचारता येतं, व्यापारी गुपित म्हणून नाकारतील, अपील कर, प्रश्न बारीक ठेव, एका अर्जात एकच गोष्ट. कंपनी खात्याच्या साइटवर शंभर रुपये भरून कंपनीचे ताळेबंद आणि डायरेक्टरांची नावं बघायला मिळतात, ते डायरेक्टर अजून कुठल्या कंपन्यांवर आहेत, ऑफिसचा पत्ता कुणाशी जुळतो, ऑडिटर कोण, हे सगळं तासन् तास बसून जुळवायचं काम आहे, त्यात काही थरार नाही, डोळे दुखतात. पण शोध पत्रकाराचं रोजचं काम ते हेच. तिकडच्या बाजूला घानाने २०१९ ला माहिती अधिकाराचा कायदा केलाय, नायजेरियाने २०११ ला, केनियाने २०१६ ला, साउथ आफ्रिकेत तर २००० पासून आहे. तो अर्ज तिथला पत्रकार करेल, इथला तू करशील.

आणि हा तिथला पत्रकार हाच खरा मुद्दा आहे, तुझ्या पत्रात तो कुठेच नाहीये. तुझ्या पत्रात आफ्रिका आहे, घाना आहे, तू आहेस. आफ्रिकेत ५४ देश, आणि या सगळ्या बातम्यांवर वर्षानुवर्षं काम करणारी तिथली माणसं आहेत ज्यांना हे पोर्ट, हे मंत्री, हे दलाल तोंडपाठ आहेत. घानात अनस अरेमेयाव अनस हे पत्रकार तोंडावर मण्यांचा पडदा घेऊन फिरतात, त्यांचा चेहरा लोकांना माहीत नाही. २०१८ ला त्यांच्या टीमने फुटबॉलमधली लाचखोरी कॅमेऱ्यावर दाखवली आणि देशाच्या फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षांना जावं लागलं. त्या टीममधल्या अहमद हुसेन-सुआले यांचा फोटो एका खासदाराने टीव्हीवर दाखवला, हा दिसला तर चोपा म्हणून. १६ जानेवारी २०१९ ला अक्रामध्ये मोटरसायकलवरून आलेल्यांनी सुआलेंना गोळ्या घातल्या. कळतंय का, पडद्याआडचा माणूस वाचला, ज्याचा चेहरा दिसला तो गेला. तू तीन महिन्यांनी विमानाने परत येशील, तुला घेऊन फिरलेला ड्रायव्हर, तुला पत्ता सांगणारी फार्मसीतली मुलगी, तुझ्यासाठी भाषांतर करणारा लोकल रिपोर्टर हे सगळे तिथेच राहणार, त्याच गल्लीत. आपल्याकडे वेगळं आहे का? राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे आठव, २०२३ चा फेब्रुवारी, रिफायनरीच्या बातम्या लिहायचे, गाडीने चिरडलं. मुंबई-दिल्लीहून येऊन त्याच विषयावर लिहून गेलेले सगळे सुखरूप आहेत.

मोझांबिकच्या कार्लोस कार्दोसोंबद्दल मी तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. राजधानी मापुटोत हा माणूस फॅक्सवर पेपर काढायचा, रोज काही पानं, सकाळी लोकांच्या मशीनमधनं सरसरत बाहेर यायची. मेटिकल त्याचं नाव, तिथल्या चलनाचं नाव आहे ते. एका बँकेतनं १ कोटी ४० लाख डॉलर कसे गेले याच्या मागे ते लागले होते आणि सोडत नव्हते. २२ नोव्हेंबर २००० च्या संध्याकाळी ऑफिसातनं निघाले आणि रस्त्यात गाडी अडवून त्यांना ठार मारलं, ड्रायव्हर जबर जखमी झाला. खटला झाला, लोकांनी तो टीव्ही-रेडिओवर ऐकला, २००३ ला सहा जणांना शिक्षा झाली. मी तेव्हा पोर्टचीच बीट करत होते आणि फॅक्स मशीन आमच्याही ऑफिसात होतं, त्या आवाजाने कितीतरी दिवस मला ते आठवायचे, न पाहिलेला माणूस.

तर जोडीदार शोध. जोहान्सबर्गला विट्स विद्यापीठात दरवर्षी आफ्रिकेतल्या शोध पत्रकारांची परिषद भरते, साडेतीन लाखांतले थोडे खर्च करायचेच असतील तर तिथे जा, आठवडाभर, नोटपॅड घेऊन, भाषण द्यायला नाही ऐकायला. पश्चिम आफ्रिकेत सेनोझो म्हणून नेटवर्क आहे, बुर्किना फासोत, नॉर्बर्ट झोंगो या १९९८ ला मारल्या गेलेल्या संपादकाच्या नावाने चालतं. ज्याला लिहिशील त्याला मला तुमच्या देशावर स्टोरी करायचीय असं लिहू नकोस. माझ्याकडे मुंबईच्या बाजूची ही ही माहिती काढायची सोय आहे, तुम्हाला काय हवंय, असं लिही. भारतातल्या पत्रकाराकडून हे त्यांना फार क्वचित येतं. आपली कंपनी, आपलं पोर्ट, आपले हिरे (अंगोलातल्या खाणीतला दगड असो की कुठला, पॉलिशला बहुतेक सुरतेत आणि विकायला मुंबईच्या बीकेसीत येतो), कोकणातल्या फॅक्टऱ्यांत फोडायला येणारा आफ्रिकेचा कच्चा काजू, या सगळ्याचं इकडचं टोक धरायला त्यांना माणूस मिळत नाही. बायलाइन, म्हणजे बातमीवरचं नाव, दोघांची, मानधन सारखं, आणि छापायचं कधी हे ज्याला जास्त धोका आहे तो ठरवणार. हे आधीच बोलून घ्यायचं.

आणि फ्रेंच शिकायला लाग, आजपासून. घाना-नायजेरिया-केनिया इंग्रजीवर भागेल, पण आयव्हरी कोस्ट, बेनिन, बुर्किना, सेनेगल इथले कोर्टाचे कागद फ्रेंचमध्ये असतात आणि गूगल ट्रान्सलेट एका आकड्याने गोत्यात आणतं. अलियाँस फ्राँसेझ मुंबईत आहे, संध्याकाळच्या बॅच असतात.

बाबांचं म्हणशील तर त्यांच्यावर रागावू नकोस, ते तुला काही होऊ नये म्हणून बोलतायत, शब्द वेगळे सापडले इतकंच. त्यांना पिओ गामा पिंटोंची गोष्ट सांग. गोव्याच्या घरातला माणूस, जन्म नैरोबीचा, शिकायला इकडे, गोव्याच्या मुक्तीसाठी इथे काम केलं, अटक होणार म्हटल्यावर परत गेला आणि केनियाच्या स्वातंत्र्यासाठी पत्रकार म्हणून लढला, तुरुंगात राहिला. स्वातंत्र्यानंतर आपलेच लोक जमिनी लाटतायत म्हणून आपल्याच सरकारविरुद्ध बोलायला लागला. २४ फेब्रुवारी १९६५ ला घराच्या गेटसमोर गाडीत गोळ्या घातल्या, मागच्या सीटवर लहान मुलगी होती. आफ्रिकेचं कुणाला काय पडलंय याचं उत्तर त्या गाडीत आहे. पण ही गोष्ट आईला आत्ताच सांगू नकोस. आईला सांग की सहा महिने मी मुंबईतच आहे.

नोकरी सोडू नकोस. डेस्कवर रोज आठ तास जातात हे मला कळतं, पण पगार येतोय म्हणून तू घाई न करता थांबू शकतेस, आणि कागद पूर्ण व्हायच्या आधी स्टोरी टाकायचा मोह फ्रीलान्सरला भाड्याच्या तारखेला होतो. छुपा कॅमेरा, खोटं नाव सांगून भेटणं वगैरे मनात असेल तर एकटीने मुळीच नाही, त्यामागे मोठी संस्था, वकील आणि बाहेर गाडीत थांबलेला माणूस असतो, स्क्रीनवर तो दिसत नाही. ज्याच्यावर लिहिणार त्याला छापण्याआधी प्रश्न पाठवायचे आणि उत्तर द्यायला खरोखरचा वेळ द्यायचा, अब्रुनुकसानी आपल्याकडे आजही फौजदारी गुन्हा आहे.

आधी मात्र या रविवारी मामाकडे जा. मामेभावाला विचार की उद्या त्याची नोकरी गेली तर घरचे हप्ते कोण भरणार, हे त्याने धरलंय का. त्याने हसण्यावारी नेलं तर समज की त्याने विचार केलेला नाही, तेव्हा तो विचार तू करायचा. ते दोन फोटो त्याच्या आणि तुझ्या दोघांच्याही गॅलरीत, बॅकअपमध्ये कुठे कुठे जाऊन बसलेत ते शेजारी बसून बघा. आणि मग मला लिही, तो काय म्हणाला ते, कंपनीचं नाव न घालता.